‘मला प्रोग्रामिंग जमत नाही’ हे पुन्हा पुन्हा वाटतंय? आधी त्याचा ओळ क्रमांक शोधा

जळगावातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींसोबत बसतो. चोपडा, यावल, एरंडोल, पारोळा, क्वचित शिरपूरहूनही कुणी येतं. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं, घरात या कामातलं आधी कुणी नाही. आठवडाभर त्यांचे मेसेज येत राहतात. त्यातला एक मेसेज इतक्या वेळा येतो की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. कुणी अहिराणीत लिहितं, "दादा, माले हाई जमत नही, सोडी देऊ का?" कुणी लेवा बोलीत, "मले काही येत नाही हे." कुणी पुस्तकी मराठीत चार ओळी लिहून शेवटी माफी मागतं. मजकूर एकच.

समजूत घातली की दोन दिवस बरं वाटतं. मग नवा धडा लागतो, आणि तोच मेसेज परत. पहिला साधारण दुसऱ्या आठवड्यात, दुसरा लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना) लूप आला की, तिसरा फंक्शनपाशी (नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा). इतक्या ठरलेल्या जागी परत येणारी गोष्ट मला स्वभावदोष वाटत नाही. तो बिघाड आहे, आणि बिघाड शोधण्याची एक रीत असते.

आमच्या घरी केळी आहे. ठिबकच्या नळीच्या टोकाला असलेल्या झाडांना पाणी पोचत नसलं की वडील आधी फिल्टर बघायचे, मग व्हॉल्व्ह. तिथे ठीक असेल तर नळीच्या मधोमध जाऊन एक ड्रिपर काढून बघायचे. तिथे पाणी जोरात आलं की अलीकडचा भाग सुटला, तिढा पलीकडे. उरलेल्या नळीच्या पुन्हा मधोमध. "मला शेती जमत नाही" असं त्या वेळी त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, कारण हातात विचारायला त्याहून नेमका प्रश्न होता: पाणी कुठपर्यंत येतंय?

"मला प्रोग्रामिंग जमत नाही" या वाक्यात असा प्रश्नच नाही. प्रोग्राम अडला की संगणक एरर दाखवतो, म्हणजे काय चुकलं आणि कोणत्या ओळीवर ते सांगणारा संदेश. हे वाक्य म्हणजे ओळ क्रमांक नसलेला एरर आहे. कुठे बिघडलं हे तो सांगत नाही, म्हणून तो दुरुस्तही होत नाही. खाली मी नेहमी सापडणारे बिघाड लिहितोय. उदाहरणं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली आहेत, कारण आमच्याकडे सगळे त्यापासूनच सुरुवात करतात.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, कोऱ्या फाइलसमोर हात चालत नाही

दहातल्या सात-आठ जणांचं दुखणं हेच निघतं, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

व्हिडिओतला माणूस लिहितो आणि आपण मान डोलावतो. त्या वेळी मेंदू ओळख पटवण्याचं काम करत असतो: हो, हे बरोबर दिसतंय. कोऱ्या फाइलसमोर मात्र आठवून मांडावं लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत. गावात शंभर चेहरे ओळखता येतात, पण त्यातला एकही कागदावर काढता येत नाही, तसं.

यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. आणि आपल्याला हे लक्षात राहील असा भरवसा जास्त कुणाला होता? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. म्हणजे शिकत असताना "येतंय" असं वाटणं आणि खरंच येणं यांची गाठ फार सैल असते. जे वाटणं "येतंय" म्हणताना चुकतं, ते "येत नाही" म्हणतानाही चुकू शकतं. त्याला मीटर समजू नका.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा मला सापडलेला नाही. व्हिडिओ दहा मिनिटं बघा आणि बंद करा. कोरी फाइल उघडून तेच लिहायचा प्रयत्न करा. अडाल. कुठे अडलात ती जागा वहीत लिहा: "लूप सुरू केला, पण बेरीज साठवायला व्हेरिएबल लूपच्या आत ठेवायचं की बाहेर, ते आठवलं नाही." मग व्हिडिओ फक्त त्या जागेपुरता उघडा. पुन्हा बंद. पुन्हा कोरी फाइल. एक तासाचा व्हिडिओ असा करायला तीन संध्याकाळी लागतील आणि त्या तीन संध्याकाळी आपण मागे पडतोय असं वाटेल. लागू द्या.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. कॉलेजात प्रॅक्टिकलला सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही तो जर्नलमध्ये उतरवायचो आणि तोंडी परीक्षेसाठी पाठ करायचो. वर्षाच्या शेवटी माझं जर्नल पूर्ण होतं, सही झालेली होती, आणि मला एकही प्रोग्राम स्वतः लिहिता येत नव्हता. मी दोन वर्षं धरून चाललो की दोष माझ्या डोक्याचा आहे. लिहून बघायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती, हे लक्षात यायला पहिली नोकरी लागावी लागली. त्या दोन वर्षांची मला आजही हळहळ वाटते, आणि रविवारची सकाळ मी त्यासाठीच मोकळी ठेवतो.

लाल अक्षरं आली की पोटात गोळा येतो

यावल तालुक्यातली एक मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरच्या केळीची काटापट्टी आली की हिशेब जुळवायचं काम तिच्याकडे असतं, म्हणून तिने पहिला प्रोग्राम त्याचाच लिहायला घेतला. वजन विचारायचं, भावाने गुणायचं, रक्कम दाखवायची. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्यांची, नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे तिची मुख्य ओळ अशी होती:

रक्कम = वजन * भाव

वजन ती इनपुटने, म्हणजे प्रोग्राम चालताना टाइप करून घेऊन, विचारत होती, भाव तिने प्रोग्राममध्येच १८०० लिहिला होता. चालवून बघितलं, वजन ५ टाकलं, आणि स्क्रीनभर पाचच पाच आले. ५५५५५५, ओळीमागून ओळी. तिने लॅपटॉप बंद केला. तो मामाच्या मुलाकडून मागून आणलेला होता, आणि आपण तो बिघडवला असं तिला वाटलं. रात्री मेसेज आला, "दादा, मले हे काही जमणार नाही."

रविवारी आम्ही ते पाच मोजले नाहीत, पण ते बरोबर १८०० होते. इनपुटने घेतलेली गोष्ट पायथनसाठी मजकूर असते, संख्या नव्हे, आणि मजकुराला १८०० ने गुणलं की पायथन तो १८०० वेळा लिहून देतं. तिने जे सांगितलं ते मशीनने इमानाने केलं होतं. तिच्या प्रोग्राममध्ये चूक एकच होती: वजन संख्येत बदलून घ्यायचं राहिलं होतं. इंट (पूर्ण संख्या करणारं) किंवा फ्लोट (दशांश संख्या करणारं) असं एक आवरण लावलं की काम झालं. (जाता जाता: इंट आणि फ्लोट यांना देवनागरी अंकातला मजकूरही समजतो. "५" टाइप केलं तरी ते त्याची संख्या करतात. प्रोग्रामच्या ओळीत थेट संख्या लिहिताना मात्र इंग्रजी अंकच लागतात.)

इथे थांबून बघा. आदल्या रात्री तिच्यापाशी "मी या कामाची नाही" हा निष्कर्ष होता. सकाळी "इनपुट मजकूर देतं" ही माहिती होती. दोन्हींच्या मागे घटना एकच. पुढच्या आठवड्यात तिने भावही इनपुटने विचारायला सुरुवात केली आणि या वेळी खरोखर लाल अक्षरं आली, टाइप एरर: मजकुराला मजकुराने गुणता येत नाही. या वेळी तिला ते पंधरा मिनिटांत सापडलं.

लाल अक्षरं, म्हणजे एररचा मजकूर, वाचायची रीत शाळेतल्या धड्यासारखी वरून खाली नाही. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचा. एररचं नाव आणि कारण तिथे असतं. मग तिच्या वरती ओळ क्रमांक बघा. त्याच्याही वर जो लांबलचक मजकूर असतो तो तिथवर पोचण्याचा रस्ता आहे, सुरुवातीला सोडून दिला तरी चालतो.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जिच्यापायी मी मुलांना तासन्‌तास रडकुंडीला आलेलं पाहिलंय. दाखवलेली ओळ कधी कधी निर्दोष असते. कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर पायथनच्या जुन्या आवृत्त्या त्याच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवायच्या. मूल त्या ओळीकडे तास तास बघत बसतं, तिच्यात काहीच चूक नसते, आणि शेवटी चूक आपल्यात आहे असं ठरवून उठतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून पायथन सरळ सांगतं की अमुक कंस बंदच केलेला नाही. व्हेरिएबलच्या नावात अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर "तुम्हाला हे म्हणायचंय का?" असंही सुचवतं. ३.११ पासून, म्हणजे २०२२ पासून, चालताना अडलेल्या ओळीतला नेमका कोणता भाग अडला तेही खाली खूण करून दाखवतं. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा जुन्या लॅपटॉपवर कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा. जुनी असेल तर नवी टाका. स्वतःविषयी काही ठरवण्याआधी हे करायला हवं.

तशीच आणखी एक जागा: व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्स किंवा वर्डच्या फाइलमधून कोड उचलून चिकटवला की साध्या अवतरण चिन्हांच्या जागी वाकडी, छापील चिन्हं येतात. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो. पायथनला ती चिन्हं चालत नाहीत. वजाबाकीच्या खुणेचंही तसंच, तिच्या जागी लांब रेघ आलेली असते. मूल म्हणतं, "सरांनी दिलेला प्रोग्राम जसाच्या तसा आहे, तरी माझ्याकडेच चालत नाही." खरंच जसाच्या तसा नसतो. हाताने टाइप करा. आणि आपल्या फाइलला "रँडम" वगैरे पायथनच्याच मॉड्यूलचं (पायथनसोबत येणारी तयार कोडची फाइल) नाव देऊ नका. मग पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतं आणि जो एरर येतो तो, जुन्या आवृत्त्यांत तरी, वाचून काहीही अर्थ लागत नाही.

प्रोग्राम चालतो पण उत्तर चुकीचं येतं, तेव्हा ओळ क्रमांक मिळतच नाही. तिथे वडिलांची रीत. प्रोग्रामच्या मधोमध प्रिंट (स्क्रीनवर दाखवायची आज्ञा) टाका आणि त्या जागी व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघा. बरोबर असेल तर बिघाड खालच्या अर्ध्यात. पुन्हा अर्धं करा. सरळ वरून खाली जाणारा हजार ओळींचा प्रोग्राम असला तरी दहाएक वेळा अर्धं केलं की एका ओळीवर येता.

मॉरिस विल्क्स हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ, त्यांच्या चमूने बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यांनी आठवण लिहून ठेवलीय की त्याच सुमारास एकदा जिना चढता-उतरता त्यांच्या ध्यानात आलं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. संगणक बांधणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. चुका शोधणं हेच या कामाचं रोजचं रूप आहे, म्हणून त्या आल्या की काम चालू आहे असं समजायचं.

"माझा मेंदूच या कामाचा नाही"

हे वाक्य मुलं कुठून तरी ऐकून येतात. कधी घरातून, कधी वर्गातून. "काहींना उपजत येतं, बाकीच्यांना कधीच येत नाही." या समजुतीला एकदा संशोधनाचं पाठबळही मिळाल्यासारखं झालं होतं. २००६ साली सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नट यांनी इंग्लंडमध्ये एक लेख फिरवला. प्रोग्रामिंगचा एकही धडा न झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे प्रश्न दिले. ए मध्ये १० आहे, बी मध्ये २० आहे, मग "ए = बी" लिहिलं, आता दोन्हींत काय? उत्तरांवरून कुणाला प्रोग्रामिंग येईल आणि कुणाला येणार नाही हे आधीच सांगता येतं, असा त्यांचा दावा होता. तो लेख जगभर वाचला गेला. २०१४ मध्ये बोर्नट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला.

मागे घेतल्याची बातमी मूळ दाव्याइतकी पसरली नाही. ती मी इथे मुद्दाम पसरवतोय.

तो प्रश्न मात्र छान आहे, कारण तो नवशिक्याची खरी अडचण दाखवतो. शाळेत दहा वर्षं आपण "=" म्हणजे "दोन्ही बाजू समान" असं शिकलो. पायथनमध्ये त्याचा अर्थ "उजवीकडचं घे आणि डावीकडच्या नावाखाली ठेव". म्हणून दोन्हींत २० येतात. म्हणूनच "एकूण = एकूण + १" ही ओळ बघून गणितात चांगली असलेली मुलंच जास्त अडखळतात. ती म्हणतात, हे कसं शक्य आहे, दोन्ही बाजू समान कशा? त्यांचा आक्षेप गणिताच्या हिशेबाने अगदी योग्य आहे. खूण तीच, काम निराळं, एवढं कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं.

इंग्रजीची भीती

पायथनचे राखीव शब्द सध्या ३५ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न असे. नवशिक्याला त्यातले पंधराएक पुरतात. एररची नावंही पहिल्या सहा महिन्यांत आठ-दहाच भेटतात: सिंटॅक्स, इंडेंटेशन, नेम, टाइप, व्हॅल्यू, इंडेक्स, की, ॲट्रिब्यूट. वहीच्या शेवटच्या पानावर ती लिहा आणि समोर स्वतःच्या बोलीत अर्थ लिहा. नेम एरर: "हे नाव मी आधी ऐकलेलंच नाही." इंडेक्स एरर: "यादीत इतके जण नाहीत." एका पारोळ्याच्या मुलाने सगळी यादी अहिराणीत केली आणि आता ती आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आहे.

बोलीचा याहून मोठा उपयोग आहे. फंक्शन काय करतं हे इंग्रजी शब्द वापरून सांगताना आपण नकळत शब्दांच्या आड लपतो. "तो व्हॅल्यू रिटर्न करतो" म्हटलं की कळल्यासारखं वाटतं. तेच धाकट्या बहिणीला अहिराणीत सांगून बघा. प्रिंट म्हणजे ओरडून सांगणं आणि रिटर्न म्हणजे मागणाऱ्याच्या हातात आणून देणं, हा फरक मला स्वतःला असाच नीट उमगला. ओरडून सांगितलेला आकडा पुढच्या हिशेबात वापरता येत नाही, हातात दिलेला येतो. जिथे बोलीत सांगताना जीभ अडते, नेमकी तिथे समज अडलेली असते. म्हणजे पुन्हा ओळ क्रमांक मिळाला.

बाकीचे पुढे निघून गेले

यावर मी थोडंच लिहिणार आहे. पुण्याच्या कुणाचं पॅकेज किती, कुणी तीन महिन्यांत काय शिकलं, हे फोनवर दिसत राहतं. त्यांनी घरी किती वर्षं संगणक बघितला ते दिसत नाही. तुलना करायचीच तर स्वतःच्या दोन महिन्यांपूर्वीच्या फाइलशी करा. म्हणून जुने, वाईट, न चालणारे प्रोग्राम पुसू नका, तारीख घालून ठेवा.

"इम्पोस्टर सिंड्रोम" हा शब्द मुलं हल्ली सर्रास वापरतात. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझन आइम्स यांनी या गोष्टीवर पहिल्यांदा लिहिलं. काम उत्तम करूनही आपण लोकांना फसवतोय असं वाटणाऱ्या, चांगलं यश मिळवलेल्या स्त्रियांविषयी तो लेख होता. दोन महिन्यांच्या शिकाऊ मुलाला ते नाव लावणं मला पटत नाही. तुम्हाला अजून येत नाही हे खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवशिक्याला आजाराचं नाव कशाला?

आणि "हे आपल्या भागाचं काम नाही" असं म्हणणाऱ्यांना मी अमळनेरची आठवण देतो. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली. सॉफ्टवेअर तिच्याकडे कित्येक वर्षांनी आलं.

आधी झोप आणि पंखा तपासा

ही गोष्ट मला शिकवणी सुरू केल्यावर कळली. एरंडोलकडचा एक मुलगा सलग तीन आठवडे म्हणत होता की डोकं चालत नाही. विचारता विचारता कळलं, शेताला थ्री-फेज लाइट त्या आठवड्यांत रात्री येत होती. तो पहाटेपर्यंत पाणी भरायचा आणि दहा वाजता लॅपटॉप उघडायचा. अशा वेळी डोकं चाललं असतं तरच नवल. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) समजून घेणं कुणालाच शक्य नाही. उन्हाळ्यात आमचे लोक पहाटे पाच ते आठ बसतात, दुपारी फक्त जुना कोड वाचतात. डोक्यात एका वेळी मावतं तरी किती? नव्या गोष्टी चारेकच, असं संशोधक मानतात. थकल्यावर त्याहूनही कमी. नवा विषय आणि नवं सॉफ्टवेअर एकाच दिवशी सुरू करू नका.

पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, रडू आवरत नसेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो प्रोग्रामिंगचा प्रश्न राहिलेला नाही. मग घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कोड थांबू शकतो.

प्रश्न विचारताना

"सर, चालत नाही" याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही, आणि उत्तर आलं नाही की शंका आणखी घट्ट होते. मी मुलांना सांगतो, विचारण्याआधी तीन गोष्टी लिहा. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एररची शेवटची ओळ जशीच्या तशी टाका, स्क्रीनचा तिरका फोटो काढू नका. अर्धा तास स्वतः झटा, मग बिनधास्त विचारा. तीन-तीन दिवस एकट्याने कुढत बसण्यात काही शौर्य नाही. मला तर दर वेळी असं दिसतं की तीन गोष्टी लिहिता लिहिता निम्म्या जणांना उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवायची वेळच येत नाही.

यातलं सगळं करूनही ती भावना परत येईल. मला नोकरीत इतकी वर्षं झाली, नवी भाषा हातात घेतली की पहिल्या आठवड्यात मलाही येते. तेव्हा मी वही काढतो आणि "जमत नाही" याच्यापुढे लिहितो: नक्की काय? जोवर त्या जागी एक ओळ, एक शब्द, एक फंक्शन येत नाही तोवर खोडून पुन्हा लिहितो.

यावलच्या त्या मुलीचा हिशेब आता बराच वाढलाय. दांड्याचं वजन वजा होतं, वेगवेगळ्या गावच्या भावांची डिक्शनरी (गावाचं नाव दिलं की भाव देणारी यादी) आहे, महिन्याची बेरीज निघते. गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. "दादा, ओळ ४१, की एरर. ‘रावेर’ सापडत नाही म्हणतंय, पण डिक्शनरीत तर आहे. मले वाटतं टाइप करताना शेवटी स्पेस पडली. बघते." पाठोपाठ दोन मिनिटांनी दुसरा: "हो, स्पेसच होती."